कॅनडात चेकिंग खात्यातून दरमहा पैसे का कापले जातात, आणि ते कसे थांबवायचे?

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकचं एक जोडपं, दीड वर्षापूर्वी ब्रॅम्प्टनला आलेलं, दोघंही नोकरी करतात. पहिलं वर्षभर चेकिंग खात्यातून, म्हणजे रोजच्या व्यवहारांच्या खात्यातून, काहीच कापलं जात नव्हतं, आता दर महिन्याला ४० ते ४५ डॉलर जातात. जानेवारी २०२६ मध्ये जिमचं पेमेंट बाऊन्स झालं तेव्हा एका फटक्यात ४८ डॉलर गेले. भारतात असं कधी झालं नव्हतं, बँक फसवतेय का, खातं बदलावं का? शिवाय उन्हाळ्यात आईबाबा येणार आहेत, त्यांचंही खातं उघडावं का?

मी मिसिसॉगात चौदा वर्षं बँकेच्या काउंटरमागे उभा होतो. आता नव्यानं आलेल्या कुटुंबांचे हिशोब लावून देतो. त्यामुळे सुरुवातीलाच सांगतो, बँक फसवत नाहीये. तुम्ही ज्या पॅकेजमध्ये बसलाय ते तुमच्या सवयींना शोभत नाही, आणि बँकेला ते स्वतःहून सांगायची घाई नाही, इतकंच.

तुम्ही पाठवलेलं सप्टेंबरचं स्टेटमेंट मी पेन घेऊन वाचलं. पॅकेजची मासिक फी १०.९५ डॉलर. त्यात २५ व्यवहार. पंचविसाच्या पुढच्या प्रत्येक व्यवहाराला १.२५. तुमचे झाले ४३, म्हणजे वरचे १८, त्यांचे २२.५०. दोनदा पेट्रोल पंपावरच्या मशीनमधून पैसे काढलेत. तिथे तुमच्या बँकेनं दुसऱ्याचं मशीन वापरल्याबद्दल प्रत्येकी २ डॉलर लावले, आणि मशीनवाल्यानं त्याचे ३.५० वेगळे घेतले. दोन्ही मिळून ११. एकूण ४४.४५. वर्षाचे ५३३ डॉलर होतात. रुपयांत गुणाकार करून बघू नका, रात्री झोप लागणार नाही.

त्या ४३ व्यवहारांत काय काय आहे? १९ वेळा दुकानात कार्ड टॅप केलंय, त्यात बरेचसे टिम हॉर्टन्स या कॉफीच्या दुकानांतले. ९ ई-ट्रान्सफर, म्हणजे ईमेल किंवा फोन नंबरवर पाठवलेले पैसे: एक घरभाड्याची आणि बाकीच्या मित्रांशी किराणा-जेवणाच्या वाटणीच्या. ६ बिलं. ४ वेळा रोख काढली. आणि ५ वेळा स्वतःच्याच चेकिंगमधून स्वतःच्याच सेव्हिंग्जमध्ये पैसे टाकलेत. हे शेवटचं पुष्कळांना माहीत नसतं. बऱ्याच मर्यादित पॅकेजमध्ये आपल्याच दोन खात्यांमधली हलवाहलवही व्यवहार म्हणून मोजली जाते. या खिशातलं त्या खिशात घातलं आणि त्याचे सव्वा डॉलर मोजले!

आपल्या लोकांची मुख्य अडचण यूपीआयची सवय ही आहे. चहाच्या टपरीवर दहा रुपये स्कॅन करताना आपण कधी व्यवहार मोजले नाहीत, कारण मोजायचं कारणच नव्हतं. इथे मर्यादा ओलांडल्यावर दोन डॉलरच्या कॉफीवर सव्वा डॉलर चार्ज बसतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच.

आता तेच ४३ व्यवहार दुसऱ्या पद्धतीनं मांडून बघू. दुकानातले १९ टॅप क्रेडिट कार्डावर न्या. क्रेडिट कार्डाची खरेदी चेकिंग खात्याच्या मोजणीत येत नाही, महिन्याअखेर कार्डाचं बिल भरलं की तो एक व्यवहार. फोन, इंटरनेट अशी तीन बिलंही कार्डावर लावा, म्हणजे सहा बिलांची तीन उरतात. मित्रांशी वाटणी दर शनिवारी न करता महिन्यातून एकदा करा. घरभाड्याची एक आणि वाटणीची एक अशा दोनच ई-ट्रान्सफर. सेव्हिंग्जमध्ये पगाराच्या दिवशी एकदाच पैसे टाका. रोख दोनदा काढा, आणि आपल्याच बँकेच्या मशीनमधून. बेरीज केली तर कार्डाचं १, बिलं ३, ई-ट्रान्सफर २, सेव्हिंग्ज १, रोख २ म्हणजे नऊ. ४३ चे ९ झाले आणि कॉफी एकही कमी झाली नाही.

एक अट आहे आणि ती कडक आहे. कार्डाचं बिल दर महिन्याला पूर्ण भरायचं, ‘मिनिमम पेमेंट’ नाही. कार्डावर साधारण २० टक्क्यांच्या आसपास व्याज असतं, त्यात पाय अडकला तर बँकेच्या फीचा विषय किरकोळ वाटायला लागेल. ज्यांच्या हातात कार्ड आलं की खर्च वाढतो त्यांनी हा मार्ग धरू नये. त्यांच्यासाठी पुढे बिनफीच्या खात्यांबद्दल लिहिलंय.

नऊच व्यवहार असतील तर १०.९५ चं पॅकेजही कशाला हवं? इथे एक गोष्ट आहे जी शाखेत सहसा कुणी आपणहून सांगत नाही. केंद्र सरकारशी झालेल्या करारानुसार मोठ्या बँका महिन्याला जास्तीत जास्त ४ डॉलर फीचं साधं खातं देतात. डेबिट कार्ड त्यातच, पैसे जमा करायला चार्ज नाही. जुन्या करारात किमान १२ डेबिट व्यवहार होते, सुधारित करारात ती संख्या वाढलीय, पण तुमचं गणित मी मुद्दाम बारा धरूनच केलं. हे खातं कुणालाही मिळतं, गरिबीचा पुरावा द्यावा लागत नाही. त्याच करारात अठरा वर्षांखालची मुलं, पूर्णवेळ विद्यार्थी, सरकारचा उत्पन्नपूरक भत्ता म्हणजे जीआयएस घेणारे ज्येष्ठ आणि अपंगांसाठीच्या आरडीएसपी योजनेचे लाभार्थी यांना हे खातं शून्य फीनं मिळतं. तुमच्या घरात कॉलेजला जाणारा भाऊ असेल आणि त्याच्याकडून फी कापली जात असेल, तर शिकत असल्याचं पत्र घेऊन त्याला शाखेत पाठवा.

बदल करायला खातं बंद करावं लागत नाही. फोन करा किंवा शाखेत जा आणि म्हणा, ‘मला याच खात्याचं पॅकेज खाली आणायचंय.’ खाते क्रमांक तोच राहतो, पगार तिथेच येतो, लावून ठेवलेली बिलं तशीच चालू राहतात. क्रेडिट स्कोअरवर काही परिणाम होत नाही, चेकिंग पॅकेज कोणतं आहे ते इक्विफॅक्स किंवा ट्रान्सयुनियन या स्कोअर ठेवणाऱ्या कंपन्यांच्या अहवालात येतच नाही. समोरचा माणूस बहुधा आधी वरचं, अमर्याद व्यवहारांचं पॅकेज सुचवेल. मीही सुचवायचो, आम्हाला तसं शिकवलेलं असायचं. ते १७-१८ डॉलरचं असतं आणि वर मधाचं बोट लावलेलं असतं, की ‘खात्यात ४,००० ठेवलेत तर फी माफ.’

या ४,००० वर जरा थांबू, कारण इथेच आपली माणसं सगळ्यात जास्त पैसे घालवतात.

भारतातल्या खासगी बँकांत किमान शिल्लक म्हणजे महिन्याची सरासरी. दहा हजारांची अट असेल तर तुम्ही एखाद्या दिवशी तीन लाख खात्यात ठेवले आणि बाकीचे एकोणतीस दिवस खातं रिकामं असलं, तरी तीस दिवसांची सरासरी दहा हजार भरते. हे गणित आपल्या अंगवळणी पडलेलं. कॅनडात सरासरी नाही. इथे महिन्यातल्या प्रत्येक दिवशी, दिवसअखेर, शिल्लक त्या आकड्याच्या वर लागते. एक दिवस खाली गेली की त्या महिन्याची पूर्ण फी.

माझ्याकडे एक गृहस्थ यायचे, हिशोबाला अतिशय काटेकोर. खात्यात चार हजार वीस-पंचवीस डॉलर कायम ठेवून होते. एका महिन्यात गाडीच्या विम्याचा हप्ता वाढला, त्यांना कळलं नाही, आणि एका मंगळवारी रात्री शिल्लक ३,९८७ झाली. बुधवारी सकाळी त्यांनी शंभर डॉलर टाकले. फी कापली गेली ती गेलीच. तेरा डॉलर कमी पडले म्हणून सतरा डॉलर. ते काउंटरवर येऊन म्हणाले, ‘अहो, सरासरी तर चार हजारांच्या वर आहे ना!’ मी त्यांना फी परत मिळवून दिली, कारण पहिल्यांदा झालं होतं. पहिल्यांदा झालं असेल तर विचारून बघाच, फोनवरच्या माणसाला एखादी फी परत करायची मुभा बहुधा असते. तिसऱ्यांदा विचाराल तर नाही मिळणार.

पण समजा तुम्ही चार हजार व्यवस्थित सांभाळलेत. मग फायदा आहे का? बँकेचा माणूस सांगेल की १६.९५ गुणिले १२ म्हणजे २०३ डॉलर वाचले, चार हजारांवर पाच टक्क्यांहून जास्त, आणि त्यावर करही नाही. ऐकायला बरोबर वाटतं. मीही किती जणांना हेच ऐकवलंय! चूक तुलनेत आहे. तुमच्यापुढे ‘फी भरा किंवा चार हजार अडकवा’ एवढे दोनच पर्याय नाहीत. तिसरा आहे: शून्य किंवा चार डॉलरचं खातं घ्या आणि ते चार हजार टीएफएसए या करमुक्त बचत खात्यात व्याजावर ठेवा. समजा अडीच टक्के मिळाले तर वर्षाला शंभर डॉलर, करमुक्त. चेकिंगमध्ये अडकलेल्या चार हजारांवर व्याज जवळपास काहीच नसतं. म्हणजे फी माफ करून घेण्यासाठी तुम्ही दरवर्षी शंभर डॉलर बँकेला देता, फक्त ते स्टेटमेंटवर दिसत नाहीत.

महागडी पॅकेजं सरसकट वाईट असं मात्र नाही. तीसेक डॉलरच्या पॅकेजमध्ये काही बँका दीडशे डॉलरच्या आसपास वार्षिक फी असलेलं क्रेडिट कार्ड फुकट देतात, शिवाय ड्राफ्ट, चेकबुक, इतरांची एटीएम. ते कार्ड तुम्ही एरवी पैसे देऊन घेतलंच असतं, आणि शिल्लक ठेवून पॅकेजची फीही माफ होत असेल, तर गणित जमू शकतं. माझ्या ओळखीत असं गणित जमलेली दोनच घरं आहेत.

आता बिनफीच्या बँका. टँजरिन, सिम्प्ली, ईक्यू बँक ही नावं तुम्ही ऐकली असतील. आपल्या लोकांना शाखा दिसली नाही की बँक खोटी वाटते, म्हणून सांगतो. टँजरिन म्हणजे पूर्वीची आयएनजी डायरेक्ट, २०१२ मध्ये स्कोशियाबँकेनं विकत घेतली. सिम्प्ली हा सीआयबीसी या मोठ्या बँकेचाच एक विभाग आहे, २०१७ मध्ये सुरू झालेला. ईक्यू हे इक्विटेबल बँकेचं नाव. रोजच्या व्यवहारांना मासिक फी नाही, ई-ट्रान्सफर फुकट. टँजरिनवाल्यांना स्कोशियाची एटीएम चालतात, सिम्प्लीवाल्यांना सीआयबीसीची. ठेवींना सीडीआयसी या सरकारी ठेव विमा संस्थेचं संरक्षण आहे, एका संस्थेत प्रत्येक प्रकारच्या ठेवीला एक लाख डॉलरपर्यंत. एक बारीक गोष्ट: सिम्प्ली हा सीआयबीसीचा विभाग असल्यानं तिथली आणि सीआयबीसीतली तुमची ठेव एकत्र धरली जाते. टँजरिन वेगळी सदस्य आहे, तिथे तसं नाही.

गैरसोयी कुठे आहेत? नवीन घर भाड्यानं घेताना मालक पहिल्या आणि शेवटच्या महिन्याचं भाडं बँक ड्राफ्टनं मागतो, तो उद्या सकाळी हवा असतो. मोठ्या बँकेत दहा डॉलरच्या आसपास देऊन पंधरा मिनिटांत मिळतो, बिनफीच्या बँकांत दिवस जातात. ईक्यूमध्ये रोख भरता येत नाही. आणि ज्यांना येऊन चार-सहा महिनेच झालेत, त्यांची ऑनलाइन ओळख पटवताना अडतं, कारण क्रेडिटचा इतिहास नसतो. म्हणून मी नव्यानं आलेल्यांना सांगतो, पहिलं वर्ष मोठ्या बँकेचं नवागतांचं पॅकेज घ्या, बहुतेक ठिकाणी ते वर्षभर फुकट असतं, आणि अकराव्या महिन्यात फोनमध्ये आठवण लावा. तुमचं नेमकं हेच राहिलं. फुकटचं वर्ष संपलं, आणि पॅकेज आपोआप पूर्ण फीवर गेलं.

तुमच्यासाठी मी असं करेन. दोघांची दोन वेगळी चेकिंग खाती आणि दोन फी चालू आहेत, त्यातलं एक जुन्या बँकेत चार डॉलरचं करून संयुक्त ठेवा, ड्राफ्ट आणि शाखेच्या कामांसाठी. दुसरं बंद करा आणि रोजचे व्यवहार एका बिनफीच्या खात्यात न्या. पगाराचं खातं बदलायला ऑफिसात व्हॉइड चेक, म्हणजे रद्द केलेला चेक मागतील. त्यासाठी पन्नास-साठ डॉलरचं चेकबुक मागवू नका, ऑनलाइन बँकिंगमध्ये थेट जमा करण्याचा फॉर्म पीडीएफमध्ये फुकट मिळतो. नवीन खात्यात पगार यायला लागल्यावर जुनं खातं दोन महिने तरी चालू ठेवा. कुठलं तरी वर्षातून एकदा कापलं जाणारं बिल विसरलेलं असतंच.

तिथून बाऊन्सचा विषय येतो. तुमचे ते ४८ डॉलर जुन्या दरानं गेले. तेव्हा बहुतेक बँका ४५ ते ४८ घ्यायच्या. १२ मार्च २०२६ पासून वैयक्तिक खात्याला हा चार्ज जास्तीत जास्त १० डॉलर, आणि दहापेक्षा कमी डॉलर कमी पडले असतील तर काहीच नाही. दोन कामकाजाच्या दिवसांत एकदाच लावता येतो. धंद्याच्या खात्याला हे संरक्षण नाही, टॅक्सी किंवा डब्याचा व्यवसाय करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. आणि हा फक्त बँकेचा चार्ज झाला. जिमवाला त्याचा दंड वेगळा लावतो. ओंटारिओत घरमालकही बाऊन्स चेकबद्दल बँकेच्या चार्जवर आणखी वीस डॉलरपर्यंत घेऊ शकतो.

बाऊन्स टाळायचा सोपा उपाय तारखांचा आहे. तुमचा पगार दर दोन आठवड्यांनी शुक्रवारी, आणि जिम, विमा, फोन सगळं एक तारखेला, भाड्याबरोबर. जिमला आणि विमा कंपनीला फोन करून तारीख पुढे ढकलता येते, बहुतेक जण ऐकतात. शिवाय शिल्लक १०० डॉलरच्या खाली गेली की बँकेनं तुम्हाला संदेश पाठवायचा, हा २०२२ पासूनचा नियम आहे. ॲपमध्ये जाऊन तो आकडा ५०० करा, शंभरावर कळून उपयोग नसतो. ओव्हरड्राफ्ट, म्हणजे शिल्लक संपल्यावरही बँकेनं पैसे पुरवायची सोय, घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. त्याची महिन्याला चार-पाच डॉलर फी, आणि वापरलेल्या रकमेवर वीस टक्क्यांच्या वर व्याज. बाऊन्सच दहा डॉलरचा झाल्यावर तुमच्यासारख्यांना तो कशासाठी हवा ते मला कळत नाही.

फुटकळ चार्जेसमध्ये कागदी स्टेटमेंट बंद करा, त्याचे दोनेक डॉलर जातात. भारतात जाल तेव्हा इथल्या डेबिट कार्डानं एटीएममधून पैसे काढू नका. दर वेळी पाचेक डॉलर आणि विनिमय दरावर अडीच टक्के. आणि बँक फी वाढवते तेव्हा तीसेक दिवस आधी कळवते, ती ईमेल आपण जाहिरात समजून पुसतो.

चुकीची फी कापली गेलीय असं वाटत असेल तर आधी बँकेकडेच लेखी तक्रार करा. त्यांना ५६ दिवस असतात. तेवढ्यात सुटलं नाही तर ओबीएसआय या बाहेरच्या तक्रार संस्थेकडे फुकट जाता येतं, नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्या बँकांसाठी तीच एक आहे. खात्यांची तुलना करायला फायनान्शियल कन्झ्युमर एजन्सी ऑफ कॅनडाचं सरकारी साधन आहे. व्यवहारांचा आकडा टाकला की कुठलं खातं किती पडेल ते दिसतं. बँकेच्या माहितीपत्रकापेक्षा ते वाचा.

राहिला आईबाबांचा प्रश्न. पासपोर्ट वगैरे ओळखपत्रं असली की बँक खातं उघडून देते, नोकरी नाही किंवा भरायला पैसे नाहीत म्हणून नाकारता येत नाही. पण सहा महिन्यांसाठी येणार असतील तर उघडू नका. तुमच्या क्रेडिट कार्डावर त्यांच्या नावाचं जादा कार्ड घ्या, बाकी त्यांच्या हातात रोख पुरेशी आहे. कारण सांगतो. आईबाबा परत जातात, खात्यात दीडशे-दोनशे डॉलर राहतात, मासिक फी चालू राहते. दोन वर्षं हालचाल नसली की काही बँका निष्क्रियतेचा वेगळा चार्जही लावतात. पत्रं इथल्या जुन्या पत्त्यावर येत राहतात, आणि तोवर तुम्ही घर बदललेलं असतं. दहा वर्षांनी काही उरलंच तर ते बँक ऑफ कॅनडाकडे जमा होतं. तिथे ऑनलाइन नाव टाकून शोधता येतं, हजार डॉलरच्या आतली रक्कम तीस वर्षं सांभाळतात. मागच्या महिन्यात एका बाईंनी सासऱ्यांचं नाव टाकून बघितलं. सासरे २००९ मध्ये चार महिने येऊन गेले होते. ६१ डॉलर निघाले, आणि ते मागवायला लागणारी कागदपत्रं जमवायची की नाही यावर त्यांच्या घरी अजून चर्चा चालू आहे.